दुसऱ्या पानावर पुन्हा ‘१’ : वेबसूचीतील अनुक्रमांकांविषयी वाचकांचे प्रश्न

गावाची, संस्थेची किंवा मंडळाची सूची स्वतःच लिहिलेल्या स्क्रिप्टने वेबवर मांडणाऱ्या वाचकांकडून अनुक्रमांकांविषयी बरेच प्रश्न आले आहेत. त्यांपैकी एकमेकांशी जोडलेले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. सूत्रे व आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाव्या लागतील.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील दुकाने, दवाखाने आणि कारागीर यांची सूची मी पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून तयार केली आहे. एका पानावर २० नोंदी दिसतात. पहिल्या पानावर १ ते २० हे क्रमांक नीट येतात, पण दुसरे पान उघडले की पुन्हा १ पासून सुरुवात होते. पुढचे क्रमांक २१ पासून कसे न्यावेत? — एक वाचक, विटा

उत्तर : आपली स्क्रिप्ट प्रत्येक पानासाठी नव्याने जन्माला येते आणि पान पाठवून झाले की संपते. क्षणभरापूर्वी आपणच वीस नोंदी छापल्या होत्या, याची तिला काहीही आठवण नसते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला आपण मोजणीचा चल (व्हेरिएबल) शून्य केला असणार आणि प्रत्येक नोंदीगणिक तो एकाने वाढवत असणार, त्यामुळे प्रत्येक पानावर १ ते २० येणे हे स्क्रिप्टच्या दृष्टीने बिनचूकच आहे. तेव्हा मागच्या पानावर कुठवर आलो हे तिला लक्षात ठेवायला लावू नये. कितव्या पानावर आहोत एवढे सांगावे आणि बाकीचे गणित तिचे तिने करावे. पानाच्या क्रमांकातून एक वजा करून त्याला दरपानी नोंदींच्या संख्येने गुणले की आधीच्या पानांवर किती नोंदी होऊन गेल्या ते कळते, आणि त्यात चालू पानावरील नोंदीचे स्थान मिळवले की अनुक्रमांक मिळतो. तिसऱ्या पानासाठी दोन गुणिले वीस म्हणजे चाळीस, म्हणून तिथली पहिली नोंद ४१ आणि शेवटची ६०. हाच चाळीसचा आकडा आपण डेटाबेसला ‘इतक्या नोंदी सोडून दे’ म्हणून देत असता. तो वेगळा काढण्याची गरज नाही; एकाच चलात ठेवून दोन्हीकडे वापरावा, म्हणजे दरपानी वीसऐवजी पंचवीस नोंदी करायचे उद्या ठरले, तरी एकाच जागी बदल करून भागेल.

इथे हमखास होणारी एक गफलत सांगतो. मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट ४०, २०’ असे लिहिले, तर पहिला आकडा सोडायच्या नोंदींचा आणि दुसरा घ्यायच्या नोंदींचा असतो; ‘लिमिट २० ऑफसेट ४०’ असे लिहिले, तर क्रम नेमका उलटा होतो. दोन ठिकाणांहून उचललेले तुकडे एकत्र जोडणाऱ्यांच्या सूचीत तिसऱ्या पानावर एकदम चाळीस नोंदी दिसतात आणि त्यांचे क्रमांक मात्र ४१ पासून सुरू झालेले असतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. शक्य असेल तर दुसरी पद्धत वापरावी, कारण ती वाचताना अर्थ आपोआप कळतो.

पानाचा क्रमांक पत्त्याच्या पट्टीतून येतो आणि तिथे कोणीही काहीही लिहू शकतो, हे विसरू नये. शून्य आले, उणे तीन आले किंवा नुसती अक्षरे आली, तरी स्क्रिप्ट कोलमडता कामा नये. आलेले मूल्य आधी पूर्णांकात बदलावे, ते एकाहून लहान असेल तर एक धरावे आणि शेवटच्या पानापेक्षा मोठे असेल तर शेवटचे पान दाखवावे. असे न करता ते मूल्य जसेच्या तसे क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, चिकटवले, तर क्रमांक चुकणे ही त्यातली सर्वांत किरकोळ आपत्ती ठरते, कारण त्याच वाटेने बाहेरचा माणूस आपल्या डेटाबेसला स्वतःच्या आज्ञा देऊ शकतो.

एकूण पाने किती, हे काढतानाही घोटाळा होतो. समजा, आपल्याकडे १२७ नोंदी आहेत. १२७ भागिले २० केल्यावर भागाकार सहा येतो, बाकी सात उरते, म्हणून पाने सात आणि शेवटच्या पानावर १२१ ते १२७. पण ‘भागाकार अधिक एक’ असे सूत्र लिहून ठेवले आणि उद्या सात दुकाने बंद होऊन नोंदी बरोबर १२० झाल्या, तर सातवे पान रिकामे निघते आणि त्याच्या माथ्यावर ‘१२१ ते १२०’ अशी विनोदी ओळ छापली जाते. भागाकार वरच्या पूर्णांकाकडे नेणारे ‘सील’ हे फलन (फंक्शन) पीएचपीत आहे, ते वापरावे. पानाच्या माथ्यावर ‘एकूण १२७ पैकी १२१ ते १२७’ असे लिहिणार असाल, तर शेवटचा आकडा म्हणजे सोडलेल्या नोंदी अधिक वीस आणि एकूण नोंदी यांपैकी जो लहान असेल तो.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण पुढे ती आडवी येईल. मंजुरी न मिळालेल्या नोंदी काही जण लूपमध्ये, म्हणजे एकेक नोंद छापणाऱ्या फेऱ्यांत, गाळतात. म्हणजे डेटाबेसकडून वीस नोंदी आणायच्या आणि छापताना ‘ही मंजूर नाही, पुढे चला’ म्हणायचे. मोजणी या तपासणीच्या आधी वाढवली, तर छापील क्रमांकांत ४३ नंतर थेट ४५ येतो. नंतर वाढवली, तर या पानावर ५७ पर्यंतच क्रमांक जातात आणि पुढचे पान ६१ पासून सुरू होते. दोन्ही चूकच. गाळणी क्वेरीतच लावावी आणि एकूण नोंदी मोजणाऱ्या क्वेरीलाही तीच अट लावावी.

मोजणीचा चल सत्रात, म्हणजे सेशनमध्ये साठवण्याचा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईल. तो ऐकू नये. वाचक सरळ पुढेच जात राहिला, तर ही युक्ती चालल्यासारखी वाटते. पण त्याने मागे जाण्याचे बटण दाबले, पान ताजे केले किंवा तीच सूची दुसऱ्या टॅबमध्ये उघडली, की पहिल्या पानावरच्या दुकानांना ६१ ते ८० हे क्रमांक मिळतात. तयार चौकटी (फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांसाठी हे गणित बहुधा झालेले असते: पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये ‘फर्स्ट आयटम’ आणि पायथन या भाषेच्या जँगोमध्ये ‘स्टार्ट इंडेक्स’ हे चालू पानावरील पहिल्या नोंदीचा अनुक्रमांक देतात आणि त्यात लूपचे शून्यापासून मोजलेले स्थान मिळवायचे असते. जँगोतला नुसता ‘फॉरलूप काउंटर’ वापरला, तर मात्र आपलाच दोष तिथेही हजर होतो.

प्रश्न : माझ्या सूचीत प्रत्येक नोंदीला टेबलमधला आयडी आपोआप मिळतो, म्हणून मी तोच अनुक्रमांक म्हणून छापत होतो. आता काही नोंदी काढून टाकल्यामुळे १, २, ५, ९ असे क्रमांक दिसू लागले आहेत. सगळे आयडी पुन्हा १ पासून सलग लावून घेण्याची आज्ञा कोणती? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : अशी आज्ञा लिहिता येते, पण मी ती इथे देणार नाही.

शाळेत प्रत्येक मुलाला दोन क्रमांक असतात. हजेरीपटावरचा क्रमांक दर वर्षी बदलतो, तुकडी बदलली तर बदलतो. जनरल रजिस्टरमधला क्रमांक मात्र प्रवेशाच्या दिवशी मिळतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच येतो. मधल्या क्रमांकाचा मुलगा दुसऱ्या शाळेत गेला म्हणून त्याच्या नंतरच्या सर्वांचे रजिस्टर क्रमांक कोणी एकेकाने खाली आणत नाही. आपला आयडी हा जनरल रजिस्टरचा क्रमांक आहे आणि पानावर जो छापायचा तो हजेरीचा. आपण रजिस्टरचा क्रमांक वर्गात पुकारू लागलात, मधल्या जागा रिकाम्या दिसल्या आणि आता रजिस्टरच खोडून नवे लिहायला निघाला आहात.

आयडीत खंड पडण्यासाठी नोंदी पुसल्याच पाहिजेत असेही नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत एखादी नोंद घालण्याचा व्यवहार मध्येच मागे घेतला गेला, तरी तिच्यासाठी काढलेला आकडा परत मिळत नाही. आयडी सलग असेल असे आश्वासन डेटाबेसने कधी दिलेलेच नाही. तो एकमेव असेल, एवढेच त्याचे वचन आहे.

हे मी स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीवरून सांगतो आहे. एका व्यापारी संघटनेची सूची सांभाळत असताना, खंड पडलेले आयडी पाहून मलाही असेच अवघडल्यासारखे झाले आणि एका रात्री मी ते सगळे सलग करून टाकले. दुकानांची छायाचित्रे आयडीच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेली होती, हे लक्षात यायला सकाळ उजाडावी लागली: मिठाईच्या दुकानाच्या नोंदीखाली खताच्या गोण्या आणि खताच्या दुकानाखाली कोणाच्या तरी दंतचिकित्सेची खुर्ची. छायाचित्रे जुन्या प्रतीवरून एका दिवसात जागेवर आली. पण लोकांनी आपापल्या नोंदीचे दुवे व्हॉट्सअॅपवर पाठवलेले होते, दोघांनी ते व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलेले होते, आणि त्यांवर काहीच उपाय नव्हता.

आयडी आहे तसे राहू द्यावेत, ते नोंदीच्या पत्त्यात आणि आतल्या जोडण्यांतच वापरावेत आणि पानावर वरच्या उत्तरातले गणित करून काढलेला क्रमांक छापावा.

प्रश्न : सूची नावाप्रमाणे लावली आहे आणि क्रमांकही बरोबर येतात, परंतु एकच दुकान दुसऱ्या पानावर ४० क्रमांकाला आणि तिसऱ्या पानावर ४१ क्रमांकाला दिसते, आणि एका दुकानदाराची तक्रार आहे की त्याचे नाव कोणत्याच पानावर नाही, जरी डेटाबेसमध्ये ते आहे. — एक वाचक, बार्शी

उत्तर : या दोन दुकानांची नावे सारखी आहेत का, ते पाहावे. बाजारपेठेत ‘श्री गणेश’ आणि ‘न्यू महाराष्ट्र’ यांची कमतरता नसते. क्वेरीत ‘नावाप्रमाणे लाव’ एवढेच सांगितले असेल, तर एकाच नावाच्या चार नोंदींचा आपसांतला क्रम डेटाबेसच्या मर्जीवर राहतो, आणि दुसऱ्या पानाची क्वेरी व तिसऱ्या पानाची क्वेरी या त्याच्या लेखी दोन स्वतंत्र क्वेरी असतात. एकदा त्याने बाजारातले ‘श्री गणेश’ आधी आणि स्थानकाजवळचे नंतर लावले, दुसऱ्यांदा उलट लावले. पानाची सीमा नेमकी त्या दोघांच्या मधोमध पडली, की एक दुकान दोनदा छापले जाते आणि दुसरे गायब होते. क्रमांक सलग असतात, म्हणून हा दोष लवकर ध्यानात येत नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमांक तपासणाऱ्याला १ ते १२७ सगळे जागच्या जागी दिसतात.

उपाय एका शब्दाचा आहे. क्रमवारीत नावानंतर आयडी हाही निकष लिहावा. दोन नोंदींचा आयडी कधीच सारखा नसल्यामुळे क्रम पक्का होतो.

आपण पत्रासोबत पाठवलेल्या क्वेरीत क्रमांक काढण्यासाठी ‘ॲट’ चिन्हाचा चल दर ओळीला एकाने वाढवण्याची जुनी युक्ती आहे. तीही बदलावी. क्रमवारी लावण्याच्या आधी हा चल वाढतो की नंतर, याची हमी नसल्यामुळे कधीकधी नोंदी नावाप्रमाणे आणि क्रमांक मात्र वेडेवाकडे, असा प्रकार होतो. शिवाय विधानाच्या आत अशा चलाला मूल्य देणे मायएसक्यूएलने ८.०.१३ या आवृत्तीपासून कालबाह्य ठरवले आहे. २०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.० मध्ये ‘रो नंबर’ हे ओळींना क्रमांक देणारे विंडो फलन आहे, मारियाडीबी या डेटाबेसमध्ये ते १०.२ पासून आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तर २००९ च्या ८.४ पासून आहे. अटी लावून झाल्यानंतर आणि पानापुरत्या नोंदी कापून घेण्याच्या आधी ते क्रमांक देते, म्हणून तिसऱ्या पानावर ४१ ते ६० आपोआप येतात. मात्र त्याच्या कंसात लिहिलेली क्रमवारी आणि क्वेरीच्या शेवटची क्रमवारी शब्दशः एकच ठेवावी.

नुसत्या पाने पाडलेल्या यादीसाठी या फलनाची गरज नाही, वजाबाकी-गुणाकार पुरेसा आहे. ‘माझे दुकान यादीत कितवे?’ असे विचारणाऱ्याला थेट त्याच्या पानावर नेऊन सोडायचे असेल, तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो. क्रमांक ८७ निघाला, की त्याला वीसने भागून वरच्या पूर्णांकाकडे न्यावे, पान पाचवे.

प्रश्न : क्रमांक देवनागरी अंकांत दाखवायचे आहेत. डेटाबेसमध्येच ते देवनागरीत साठवावेत का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : साठवू नयेत. साठवायचे ती संख्या, दाखवायचे ते अंक. देवनागरी अंक मजकूर म्हणून साठवले, की क्रमवारी अक्षराअक्षराने लागते आणि ‘१०’ हा ‘२’ च्या आधी येऊन बसतो.

दाखवताना बदल करण्याचे मार्ग अनेक आहेत. पीएचपीत दहा अंकांच्या जोड्यांची सारणी करून ‘एसटीआरटीआर’ या फलनाला दिली की काम होते. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या संख्येला ‘एमआर-आयएन’ या भाषा व देश सांगणाऱ्या स्थानचिन्हानुसार लिहायला सांगितले, तर मराठीसाठी देवनागरी अंक आपोआप मिळतात, आणि स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने, म्हणजे १,२७,००० असे पडतात. गंमत अशी, की त्याच ठिकाणी हिंदीचे स्थानचिन्ह दिले तर अंक १-२-३ या रूपात न येता इंग्रजीत छापतात तसे येतात. त्यामुळे हिंदी सूचीवरून उचललेला तुकडा मराठी सूचीत चिकटवून ‘अंक का बदलत नाहीत’ म्हणून डोके धरून बसलेले दोघे-तिघे मला भेटले आहेत.

सावधगिरी एकच. पुढच्या पानाच्या दुव्यात देवनागरी अंक जाऊ देऊ नयेत. पीएचपीत ‘२’ या मजकुराचे पूर्णांकात रूपांतर केले तर शून्य मिळते, जावास्क्रिप्टचे ‘पार्सइंट’ ही संख्याच नाही म्हणून सांगते. पायथन मात्र तोच ‘२’ समजून घेतो आणि दोन देतो. पायथनवर तपासलेली सूची पुढे पीएचपीवर हलवली आणि प्रत्येक दुवा पहिल्या पानावरच येऊन आदळू लागला, तर चूक इथे शोधावी.

प्रश्न : क्रमांक स्क्रिप्टने न छापता एचटीएमएलच्या क्रमवार यादीवर सोडले तर चालतील का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : चालतील, आणि साध्या सूचीसाठी तेच उत्तम. ‘ओएल’ या खुणेला ‘स्टार्ट’ हा गुणधर्म देऊन त्यात पानावरील पहिल्या नोंदीचा क्रमांक लिहिला, की पुढचे क्रमांक ब्राउझर लावतो. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये हा गुणधर्म ‘वापरू नये’ अशा यादीत टाकलेला होता, त्यामुळे जुनी पुस्तके वाचून शिकलेले लोक अजूनही त्याला बिचकतात. पण एचटीएमएल ५ ने त्याला परत सन्मानाने घेतले आहे. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, यादीच्या चिन्हाचा प्रकार ‘देवनागरी’ असा लिहिला, की वरच्या बेळगावच्या प्रश्नाचेही उत्तर फुकटात मिळते. सीएसएसचे काउंटर वापरूनही क्रमांक उमटवता येतात, पण ते नोंदीच्या आधी चिकटवलेल्या आभासी मजकुरात असतात. कोणी यादी निवडून कॉपी केली, तर नावे येतात आणि क्रमांक मागेच राहतात.

प्रश्न : शोध घेतल्यावर किंवा ‘फक्त औषधांची दुकाने’ अशी गाळणी लावल्यावर क्रमांक १ पासून द्यावेत की मूळ यादीतले ठेवावेत? तसेच नव्या नोंदी सर्वांत वर दाखवत असल्यामुळे रोज सगळ्यांचे क्रमांक बदलतात, त्याला काय करावे? — एक वाचक, फोंडा (गोवा)

उत्तर : वाचक त्या क्रमांकाचे काय करणार आहे, यावर हे ठरते. तो फक्त ‘किती सापडले आणि मी कुठवर आलो’ एवढे पाहणार असेल, तर गाळलेली यादी ही स्वतंत्र यादी आहे, तिला १ पासूनच क्रमांक द्यावेत. ३, १७, ४२ असे विखुरलेले आकडे पाहून मधल्या नोंदी लपवल्या आहेत असा समज होतो. पण लोक दूरध्वनीवर ‘तुमच्या यादीतला ८७ नंबर’ असे म्हणू लागले असतील, किंवा सूची छापून सूचनाफलकावर लावली जात असेल, तर क्रमांक स्थिर हवा.

स्थिर क्रमांक कसा सांभाळतात, हे पाहायचे असेल तर मतदार यादी हातात घ्यावी. तिथे भागातला अनुक्रमांक वेगळा आणि ओळखपत्राचा क्रमांक वेगळा. पुरवणीत नाव वगळले गेले, तरी मूळ यादीतली ओळ त्या क्रमांकासह तशीच राहते आणि तिच्यावर वगळल्याची खूण येते, नवी नावे शेवटच्या क्रमांकापुढे जोडली जातात; पुढे यादी नव्याने तयार झाली, की अनुक्रमांक पुन्हा सलग लागतात आणि ओळखपत्राचा क्रमांक मात्र कायम राहतो. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर चिठ्ठी देणारा कार्यकर्ता आणि आतला अधिकारी या दोघांसमोर एकाच क्रमांकाला एकच माणूस असला पाहिजे, म्हणून ही व्यवस्था आहे. आपल्या सूचीची छापील आवृत्ती वर्षातून एकदा निघत असेल, तर हीच रीत उचलावी: छपाईच्या दिवशी क्रमांक गोठवून वेगळ्या स्तंभात साठवावेत आणि वर्षभर तेच दाखवावेत.

नवी नोंद वर, या मांडणीसाठी उलटे मोजावे. एकूण नोंदींतून सोडलेल्या नोंदी वजा कराव्यात आणि तिथून खाली उतरत जावे. १२७ नोंदींच्या सूचीत पहिल्या पानावर १२७ ते १०८, दुसऱ्यावर १०७ ते ८८ असे क्रमांक येतील; उद्या नवी नोंद आली, तर ती १२८ होईल आणि बाकी सर्वांचे क्रमांक जिथल्या तिथे राहतील. एचटीएमएल ५ मधील यादीला ‘रिव्हर्स्ड’ हा गुणधर्म याचसाठी आहे. त्याच्या जोडीला ‘स्टार्ट’ लिहायला विसरू नये, नाहीतर प्रत्येक पान वीसवरून एकवर उतरेल. मधली नोंद पुसली गेली तर मात्र तिच्यावरच्या नोंदींचे क्रमांक एकाने घसरतील, हे गृहीत धरावे.

क्रमांक मुळात दाखवायचेच का, याचाही एकदा विचार करावा. याहूची संकेतस्थळांची निर्देशिका १९९४ पासून २०१४ पर्यंत चालली, स्वयंसेवकांनी सांभाळलेली डीमॉझ १९९८ पासून २०१७ पर्यंत. दोन्ही ठिकाणी उपवर्गासमोर एकूण नोंदींचा आकडा असे आणि नोंदींना अनुक्रमांक नसत. आपल्याकडे तर ‘एक नंबर’ याचा अर्थच निराळा होतो. सूचीत पहिला क्रमांक कोणाला, यावरून दोन दुकानदारांचे बिनसलेले मी पाहिले आहे, जरी तिथली क्रमवारी निव्वळ अक्षरांची होती.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या सभासदसूचीत ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’, ‘काशीकर’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येते, त्यामुळे त्यांच्यापुढचे अनुक्रमांक चुकतात, असे ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : ज्येष्ठ सभासद बरोबर आहेत आणि संगणकही त्याच्या परीने खोटे बोलत नाही. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, त्यामुळे काळे हे काशीकर आणि कासार यांच्या मागे हवेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या क्रमांकतक्त्यात, मात्र ळ ची जागा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी आहे, आणि डेटाबेसला वेगळे काही सांगितले नाही, तर तो त्याच क्रमाने जातो.

क्रमवारीसाठी एक वेगळा स्तंभ करावा, त्यात आडनाव भरताना प्रत्येक ळ च्या जागी अवग्रह, म्हणजे ऽ हे चिन्ह लिहावे आणि सूची या स्तंभाप्रमाणे बायनरी तुलनेने, म्हणजे निव्वळ युनिकोडच्या क्रमाने, लावावी. युनिकोडच्या तक्त्यात अवग्रह हा ह च्या नंतर आणि काना-वेलांट्यांच्या आधी आहे, त्यामुळे ‘काळे’ हे ‘कासार’च्या मागे जातात आणि ‘कळसकर’ मात्र ‘काणे’ यांच्या आधीच राहतात. ळ ऐवजी तक्त्याच्या अगदी शेवटचे एखादे चिन्ह वापरले, तर पहिले काम होते, पण दुसरे बिघडते: कळसकर हे ‘का’ ने सुरू होणाऱ्या सगळ्यांच्या मागे फेकले जातात. हा स्तंभ वाचकाला दाखवायचा नसतो, म्हणून त्यात ‘काऽे’ असे विचित्र दिसले तरी हरकत नाही.

क्षीरसागर आणि ज्ञानसागर यांना अनुक्रमे क आणि ज च्या शेवटी ठेवावे की यादीच्या शेवटी, हे मंडळाने ठरवावे. मी त्यांना क आणि ज मध्येच ठेवतो, कारण बहुतेक माणसे त्यांना आधी तिथे शोधतात. नवी क्रमवारी लावल्यावर मधल्या बऱ्याच सभासदांचे अनुक्रमांक बदलतील. सभासद क्रमांक वेगळ्या स्तंभात असेल आणि पावत्यांवर तोच जात असेल, तर ही क्रमवारी आजच बदलायला हरकत नाही. पावत्यांवर आजवर यादीतला अनुक्रमांकच जात असेल, तर आधी प्रत्येक सभासदाला कायमचा क्रमांक द्यावा आणि मगच काळे यांना हलवावे.